निंदणीचे श्रम कोणत्या रकान्यात?

वृद्धांची शारीरिक हालचाल प्रश्नावलीने मोजताना ग्रामीण वास्तव निसटते. वाशीमसारख्या जिल्ह्यात त्याचे परिणाम गंभीर

वाशीम, प्रतिनिधी

जून २०२४ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतीयांच्या आळसाची चर्चा देशभर घडवून आणली. २०२२ मध्ये भारतातील ४९.४ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. २००० मध्ये हेच प्रमाण २२.३ टक्के होते. महिलांमध्ये ते ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के इतके आढळले. जगाची सरासरी ३१.३ टक्के असताना भारताची अवस्था अशी का, या प्रश्नावर अग्रलेख लिहिले गेले, दूरचित्रवाणीवर तज्ज्ञ बोलले आणि वयाच्या साठीनंतर निष्क्रियता वाढते, या इशाऱ्याकडेही लक्ष वेधले गेले.

तथापि या आकड्यांमागील एक बाब चर्चेत फारशी आली नाही. १६३ देशांतील ५०७ सर्वेक्षणे आणि त्यांतील सुमारे ५७ लाख माणसे यांच्या आधारे हा अंदाज बांधण्यात आला होता. आणि या माणसांची हालचाल कोणी प्रत्यक्ष मोजलेली नव्हती. त्यांना विचारण्यात आले होते आणि त्यांनी सांगितलेले लिहून घेण्यात आले होते. म्हणजेच हा आकडा जितका लोकांच्या हालचालीचा आहे, तितकाच तो विचारलेल्या प्रश्नाचा, तो समजण्याचा आणि आठवणीचाही आहे. पन्नाशीच्या आतील नोकरदाराच्या बाबतीत यातून काही टक्क्यांची चूक होईल. विदर्भातील कोरडवाहू शेतीवर आयुष्य काढलेल्या सत्तरीच्या शेतमजूर महिलेच्या बाबतीत मात्र उत्तर संपूर्णपणे उलटे येण्याचा संभव आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झालेला वाशीम जिल्हा या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

एका ओळीचा प्रश्न

वाशीममधील वृद्धांच्या हालचालीची नोंद कोठेच होत नाही, असे नाही. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणी मोहिमेत आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन तीस वर्षे व त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाचा एक तक्ता भरतात. 'सीबॅक' या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, कुटुंबातील आजारांचा इतिहास आणि शारीरिक हालचाल अशा बाबींना त्यात गुण दिले जातात. एकूण गुण चारपेक्षा अधिक झाले, की त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्य द्यावयाचे, अशी ही पद्धत आहे.

यातील हालचालीचा प्रश्न अवघ्या एका ओळीचा आहे : आठवड्यातून किमान १५० मिनिटे, म्हणजे रोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवस, शारीरिक हालचाल करता काय? उत्तर 'होय' असल्यास शून्य गुण, 'नाही' असल्यास एक गुण. कमरेचा घेर मोजण्यासाठी आशा स्वयंसेविकेच्या हाती टेप असतो. हालचाल मोजण्यासाठी तिच्याकडे समोरच्या माणसाच्या शब्दाखेरीज काहीही नसते. कोट्यवधी लोकसंख्येसाठी तयार केलेल्या तक्त्यात प्रश्न सुटसुटीत असणे अपरिहार्य आहे, हे मान्य करावे लागेल. प्रश्न सुटसुटीत असणे आणि तो समजण्यास सोपा असणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत.

'शारीरिक हालचाल' हा शब्दप्रयोग मुळात सरकारी कागदावरचा. बोलण्यात तो 'व्यायाम' होतो आणि व्यायाम म्हटले, की सकाळचे फिरणे, योगासने किंवा उद्यानातील खुली व्यायामशाळा डोळ्यांसमोर येते. दिवसभर सोयाबीनच्या तासात निंदण करून आलेल्या महिलेला 'तुम्ही व्यायाम करता काय' असे विचारले, तर ती 'नाही' असेच सांगणार. कारण तिच्या लेखी ते काम आहे, व्यायाम नव्हे. उलटपक्षी रोज देवळापर्यंत रमतगमत जाऊन तासभर ओट्यावर बसून येणारे निवृत्त गृहस्थ 'रोज अर्धा तास फिरतो' असे सांगून शून्य गुण मिळवतील. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही. कागदावर मात्र निंदणारी निष्क्रिय ठरते आणि बसणारा सक्रिय.

प्रश्नावल्यांचे मूळ गाव

हालचाल आणि आरोग्य यांचा संबंध शास्त्रीय पातळीवर प्रथम ठळकपणे दाखवून दिला तो प्रश्नावलीने नव्हे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये, बसून बस हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. येथे कोणाला किती हालचाल करता, असे विचारण्याची गरजच पडली नव्हती. व्यवसायच मोजमापाचे काम करीत होता.

पुढे पाश्चात्त्य देशांत कामे बैठी होत गेली आणि संशोधकांचे लक्ष फावल्या वेळेकडे वळले. अमेरिकेत राल्फ पॅफनबर्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना टपालाने प्रश्नावल्या पाठवल्या. रोज किती जिने चढता, शहरातील किती चौक ओलांडून चालता आणि कोणते खेळ खेळता, असे त्यांचे प्रश्न होते. सुमारे १७ हजार माजी विद्यार्थ्यांवरील हा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विषयाचा मैलाचा दगड ठरला. पण प्रश्नांकडे पाहिले, की ते कोणत्या जीवनासाठी रचले होते हे लगेच कळते. पांदण रस्त्याने शेतात जाणाऱ्याला चौक मोजता येत नाहीत आणि एकमजली मातीच्या घराला जिना नसतो.

वृद्धांसाठी म्हणून स्वतंत्रपणे तयार झालेल्या प्रश्नावल्यांतही हा दोष आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'पेस' ही मोजपट्टी ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी असून जगभर वापरली जाते. मागील सात दिवसांतील फावल्या वेळेतील हालचाल, घरकाम आणि नोकरी यांची तीत नोंद होते. केवळ खेळांवर भर न देता हलक्या व जड घरकामाला, तसेच दुसऱ्याची शुश्रूषा करण्याला तीत स्थान आहे, ही तिची जमेची बाजू. परंतु तिच्या यादीत हिरवळीची निगा आहे, बर्फ आणि पानगळ साफ करणे आहे. कामाविषयीचा प्रश्न मात्र 'मोबदल्यासाठी किंवा स्वयंसेवक म्हणून काम केले काय' असा आहे. स्वतःच्या तीन एकरांत राबणारी वृद्ध शेतकरी महिला मोबदला घेत नाही आणि ती स्वयंसेवकही नाही. तिने काय उत्तर द्यावयाचे?

आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी १९९८ मध्ये जीनिव्हा येथे 'आयपॅक' या प्रश्नावलीची आखणी सुरू झाली. ती तयार करतानाच १५ ते ६९ हा वयोगट निश्चित करण्यात आला होता. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ती नव्हतीच. बारा देशांत तिची परीक्षा घेण्यात आली आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच व्यक्तीला पुन्हा विचारले असता उत्तरे बऱ्यापैकी जुळत होती. हा सहसंबंध सुमारे ०.८ होता. शरीरावर लावलेल्या यंत्राच्या नोंदीशी मात्र तो अवघा ०.३ च्या आसपास होता. थोडक्यात, माणसे आपल्या उत्तराशी ठाम असतात. ते उत्तर प्रत्यक्षाशी जुळतेच असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने त्यानंतर विकसनशील देश डोळ्यांसमोर ठेवून 'जीपॅक' ही सोळा प्रश्नांची प्रश्नावली आणली. तिची चाचणी ज्या नऊ देशांत झाली, त्यांत भारतही होता. विनामोबदला काम, घरकाम, पिकांची कापणी हे सारे 'काम' या सदरात मोडते, असे तीत स्पष्टपणे नमूद आहे. म्हणून भारतातील बहुतेक मोठ्या सर्वेक्षणांनी तिचाच आधार घेतला.

महाराष्ट्रातील मोजणी

राज्यात या विषयाची मोजणी यापूर्वी तीन मोठ्या प्रसंगी झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सेज' या वार्धक्यविषयक अभ्यासाची भारतातील पहिली फेरी २००७-०८ मध्ये सहा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र होता. पन्नाशीपुढील लोकांवर तिचा भर होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक 'इंडियाब' सर्वेक्षणाचा पहिला टप्पा महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथे झाला. त्यातील १४,२२७ व्यक्तींच्या हालचालीचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण ५४.४ टक्के लोक निष्क्रिय आढळले. शहरी भागात हे प्रमाण ६५ टक्के, तर ग्रामीण भागात ५० टक्के होते. फावल्या वेळेत व्यायाम करणारे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. ग्रामीण भागातील निम्मे प्रौढ निष्क्रिय, हा निष्कर्ष गावगाडा जवळून पाहणाऱ्याला विचारात पाडणारा आहे. यांत्रिकीकरणामुळे श्रम घटले, हे त्याचे एक कारण असू शकते; श्रम प्रश्नात सापडले नाहीत, हे दुसरे.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे 'लासी', अर्थात भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक व्यक्ती होत्या. त्यांपैकी ३१,४६४ जण साठ वर्षे व त्यापुढील होते. जानेवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. लासीच्या प्रश्नांत विहिरीतून पाणी शेंदणे, सरपण आणणे, हाताने कपडे धुणे, कुदळ-फावड्याने खणणे, शेतीकाम अशी आपल्याकडील कामे नावानिशी आली, हे महत्त्वाचे पाऊल होते. मात्र धावणे, पोहणे, व्यायामशाळा आणि शेतीकाम ही सर्व जोरकस कामे एकाच प्रश्नात गुंफली गेली. शिवाय लासीचा नमुना राज्यांचे चित्र सांगण्यासाठी आखलेला होता. त्यातून मुंबईचा उपनगरवासी आणि मानोरा तालुक्यातील तांड्यावरचा वृद्ध एकाच 'महाराष्ट्रा'त मिसळले जातात.

केंद्राच्या २०१७-१८ मधील असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय देखरेख सर्वेक्षणाने ४१.३ टक्के प्रौढांची हालचाल अपुरी असल्याचे सांगितले. परंतु त्याची वयोमर्यादा १८ ते ६९ होती. ज्या वयात पडणे, हाड मोडणे आणि परावलंबन यांचा धोका सर्वाधिक, तो सत्तरीपुढचा गट त्यातून वगळला गेला. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते, तर देशात ८.६ टक्के. वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या त्या वेळी ११ लाख ९७ हजार होती आणि तीत पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. हा गट किरकोळ नाही.

कोणता आठवडा विचारणार?

बहुतेक प्रश्नावल्या 'मागील सात दिवस' किंवा 'नेहमीचा आठवडा' विचारतात. कार्यालयीन जीवनात आठवडे एकसारखे असतात. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत 'नेहमीचा आठवडा' ही कल्पनाच लागू पडत नाही. जूनमध्ये पेरणी, जुलै-ऑगस्टमध्ये निंदण आणि डवरणी, सप्टेंबरअखेरपासून सोयाबीनची सोंगणी व मळणी, पुढे कापसाची वेचणी, डिसेंबर-जानेवारीत तूर, नंतर हरभरा आणि उन्हाळ्यात रिकामे शेत, असे येथील वर्ष चालते.

जीपॅकच्या हिशेबात मध्यम श्रमाच्या मिनिटांना चारने, तर जोरकस श्रमाच्या मिनिटांना आठने गुणतात आणि आठवड्याला ६०० गुण ही किमान पातळी धरतात. आता एखादी वृद्ध महिला निंदणाच्या दिवसांत रोज तीन तास याप्रमाणे सहा दिवस काम करते, असे समजू. १,०८० मिनिटांचे हे काम मध्यम धरले, तर ४,३२० गुण होतात, म्हणजे किमान पातळीच्या सात पटींहून अधिक. तेच काम तिने 'जोरकस' म्हणून सांगितले, तर ८,६४० गुण. आणि तिलाच मे महिन्यात गाठले, तर शेतातील कामाचे गुण शून्य. सर्वेक्षकाने कोणत्या महिन्यात दार ठोठावले, यावर ती जिल्ह्यातील सर्वांत सक्रिय महिला ठरेल की निष्क्रिय, हे अवलंबून राहते.

काम किती जोरकस, हा मुद्दाही वयाबरोबर बदलतो. दम लागेल असे काम ते जोरकस, अशी ढोबळ व्याख्या विचारताना सांगितली जाते. तिशीतील माणसासाठी जे सहज चालणे, त्यानेच रक्तक्षय किंवा गुडघेदुखी असलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला धाप लागते. त्याने 'जोरकस' म्हणून दिलेले उत्तर त्याच्या शरीराच्या दृष्टीने खरे असते. तरुणासाठी ठरवलेला आठचा गुणक त्याला लावला, की हिशेब फसतो.

सलग दहा मिनिटांच्या अटीचेही तसेच. जीपॅकमध्ये किमान दहा मिनिटे सलग केलेली हालचालच मोजली जाते. वृद्धांचा दिवस मात्र तुकड्यांचा असतो. गोठ्यात जाऊन येणे, अंगण झाडणे, नातवाला उचलणे, पाण्याचा हंडा भरणे ही पाच-पाच मिनिटांची कामे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ही दहा मिनिटांची अट काढून टाकली आणि प्रत्येक हालचाल उपयुक्त असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे सल्ल्यातून अट गेली. जुन्या प्रश्नावलीवर उभ्या असलेल्या आकडेवारीत मात्र ती शिल्लक राहिली.

उत्तर कोणाचे?

स्वयंकथनावर आधारलेल्या मोजमापात स्मरणशक्ती हा पहिला अडसर मानला जातो. काळाचे माप हा त्याहून मोठा अडसर आहे. 'जोरकस काम दिवसातून किती मिनिटे' या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आयुष्य घड्याळावर चाललेले असावे लागते. ज्यांचा दिवस उजाडणे, जनावरे सोडणे, दुपारची शिदोरी आणि गाई परत येणे अशा खुणांनी बांधलेला आहे, त्यांनी सांगितलेली मिनिटे बहुधा प्रश्नकर्त्याला बरे वाटावे म्हणून सांगितलेली असतात.

दुसरा अडसर सामाजिक प्रतिष्ठेचा आहे. शहरातील उत्तरदाता व्यायाम वाढवून सांगतो, कारण व्यायाम करणे ही आता चांगल्या नागरिकाची खूण बनली आहे. खेड्यात याच्या नेमके उलट घडू शकते. मुलगा आणि सून समोर बसलेले असताना 'या वयातही शेतात जावे लागते' असे म्हणणे, म्हणजे मुलांची लाज काढणे. त्यामुळे 'आता काही करत नाही, बसूनच असते' असे उत्तर येते किंवा आईच्या वतीने मुलगाच उत्तर देऊन मोकळा होतो. हाती कागद घेऊन सरकारकडून कोणी आले, की निराधार अनुदानाच्या चौकशीची शंका मनात डोकावणे अस्वाभाविक नाही. अशा वेळी अंगात काम करण्याची ताकद आहे, असे कोण सांगेल?

महिलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. घरकाम हे काम म्हणून गणलेच जात नाही, हे त्यांच्याही अंगवळणी पडलेले असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या महिला त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करताना आढळल्या. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती. अशा कामांत सहभागाचे प्रमाण महिलांमध्ये ८१.२ टक्के, तर पुरुषांमध्ये अवघे २६.१ टक्के होते. हे सर्वेक्षण आदल्या दिवसाचा पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासाने घेते. ही सर्वच कामे शरीराला पुरेसा ताण देणारी नसतात, हे खरे. तरीही महिला पुरुषांपेक्षा पंधरा टक्क्यांनी अधिक निष्क्रिय, असे एक मोजमाप सांगते आणि त्या तिप्पट वेळ घरकामात असतात, असे दुसरे सांगते, तेव्हा या विसंगतीचा खुलासा मागितला गेला पाहिजे.

यंत्र हा उपाय आहे काय?

यावर प्रश्न विचारूच नका, यंत्र लावा, असे उत्तर दिले जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात २००३-०४ मध्ये हालचाल नोंदवणारी यंत्रे कमरेला लावण्यात आली. शिफारस केलेली हालचाल करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण त्यानुसार पाच टक्क्यांहूनही कमी निघाले. विचारले असता हेच प्रमाण कितीतरी अधिक येत होते. कॅनडातील संशोधकांनी २००८ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसले. सांगितलेली हालचाल कोठे यंत्रापेक्षा जास्त होती, कोठे कमी. सरसकट दहा-वीस टक्के वजा करून दुरुस्त करता येईल, अशी ही चूक नाही.

यंत्रालाही मर्यादा आहेत. कमरेवरचे यंत्र पावलांची हालचाल टिपते. डोक्यावरचा भारा त्याला दिसत नाही. उकिडवे बसून विळ्याने सोंगणी करणाऱ्या किंवा निंदणाऱ्या महिलेची कंबर फारशी हलत नाही. यंत्राच्या लेखी ते जवळपास बसून राहणेच ठरू शकते. शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेचे अचूक मापन विशिष्ट समस्थानिके असलेले पाणी पाजून करता येते. पण ती पद्धत इतकी खर्चिक आहे, की जिल्हा पातळीवर तिचा विचारही करता येत नाही. प्रश्नावली टाळता येणार नाही, ती सुधारावीच लागेल, हा याचा अर्थ.

चुकीच्या आकड्याची किंमत

हा वाद केवळ संशोधकांपुरता असता, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु निष्क्रियतेच्या आकड्यांवरून आरोग्य शिक्षणाचे संदेश ठरतात, खुल्या व्यायामशाळा कोठे उभारावयाच्या हे ठरते आणि तक्त्यावरील एका गुणाने कोणाला तपासणीसाठी आधी बोलवावयाचे हेही ठरते. चार गुणांवर थांबलेला आणि पाच गुणांवर पोहोचलेला यांच्यात फरक एका उत्तराचा असतो.

दिवसभर राबणाऱ्या वृद्धेला निष्क्रिय ठरवून 'रोज अर्धा तास चाला' असा सल्ला देणे, ही तिची थट्टा आहे. तिला गरज असते ती विश्रांतीची, पुरेशा आहाराची, गुडघ्यांच्या उपचारांची. याच्या उलट तिला 'अतिसक्रिय' ठरवून निश्चिंत होणे तितकेच धोक्याचे आहे. कामातील श्रम आणि फावल्या वेळेतील व्यायाम यांचा शरीरावरील परिणाम सारखाच असतो काय, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. २०१८ मध्ये सुमारे १ लाख ९४ हजार व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले; त्यात जड शारीरिक काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका, हलके काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक आढळला होता. महिलांत तसा संबंध दिसला नाही आणि नंतरच्या काही अभ्यासांनी या निष्कर्षाला आव्हानही दिले. तरीही वाकून केलेले आठ तासांचे काम म्हणजे तोल सांभाळण्याचा आणि स्नायूंची ताकद राखण्याचा व्यायाम नव्हे, एवढे निश्चित. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारी हालचाल करावी, असे २०२० च्या जागतिक सूचना वेगळेपणाने सांगतात, ते यासाठीच. एका 'होय-नाही'त हा भेद मावत नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट भाषेची. प्रश्नावलीचा मराठी अनुवाद म्हणजे वाशीमची प्रश्नावली नव्हे. 'जोरकस हालचाल' विचारण्याऐवजी वखरणी, निंदण, सोंगणी, वेचणी, कुटार वाहणे, गोवऱ्या थापणे, पाणी भरणे, नातवंडे सांभाळणे अशी कामे नावाने विचारली, तर आठवणीला आधार मिळतो. चेन्नईच्या मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानने भारतीय जीवनासाठी स्वतंत्र प्रश्नावली तयार करून ती यंत्राच्या नोंदीशी पडताळून पाहिली आहे. म्हणजे असे काम येथे होऊ शकते.

दुसरी गोष्ट काळाची. सात दिवसांच्या मिनिटांऐवजी कालचा दिवस खुणांनी उलगडून घ्यावा आणि वर्षातून किमान दोनदा, एकदा हंगामात व एकदा उन्हाळ्यात, विचारावे. तिसरी गोष्ट उत्तरदात्याची. वृद्ध महिलेचे उत्तर तिच्याकडूनच, शक्यतो घरातील इतर बाजूला असताना घेतले जावे.

चौथी आणि कदाचित सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे 'किती करता' याच्या जोडीला 'काय करू शकता' हे पाहणे. लासीने मुठीची पकड, चालण्याचा वेग आणि तोल यांची प्रत्यक्ष चाचणी घेतली होती. तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ही चाचणी जगभर रूढ आहे. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१२ मध्ये, जमिनीवर बसून कमीत कमी आधाराने उठण्याच्या चाचणीचा आयुर्मानाशी असलेला संबंध २,००२ व्यक्तींच्या अभ्यासातून दाखवून दिला. पंगतीत मांडी घालून बसणाऱ्या समाजाला ती खुर्चीपेक्षा जवळची आहे. सीबॅकच्या सुधारित तक्त्यात साठीपुढील व्यक्तींना उभे राहताना वा चालताना तोल जातो काय, दैनंदिन कामांसाठी दुसऱ्याची मदत लागते काय, हे विचारले जाते. त्याला पाच-दहा मिनिटांच्या अशा चाचणीची जोड आरोग्य उपकेंद्रात, पडण्याचा धोका टाळण्यासाठी कोणी जवळ उभे राहून, सहज देता येईल.

यासाठी लागणारी यंत्रणा आता जिल्ह्यात आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीमचा समावेश होता. वैद्यकीय महाविद्यालयाने आसपासच्या गावांतील काही वृद्धांची निवड करावी, दोन हंगामांत त्यांच्या उत्तरांची सांगड यंत्राच्या आणि प्रत्यक्ष चाचणीच्या नोंदींशी घालावी आणि आशा स्वयंसेविकांच्या अनुभवाचा उपयोग करून प्रश्न पुन्हा लिहावेत, एवढ्यावरूनही कोणता प्रश्न फसतो आणि कोणता टिकतो, हे कळू शकेल. विदर्भातील अन्य कोरडवाहू जिल्ह्यांनाही त्याचा उपयोग होईल.

वृद्धांची संख्या वाढत जाणार, हे लोकसंख्येचे गणित आहे आणि ते टळणारे नाही. त्यांच्यासाठी योजना आखताना हाती चुकीचा आकडा असणे, हे आकडा नसण्यापेक्षा अधिक घातक. कारण त्यावर विसंबून निर्णय घेतले जातात. जन्मभर राबलेल्या माणसाला आयुष्याच्या उत्तरार्धात सरकारी कागदावर 'निष्क्रिय' हा शेरा मिळत असेल, तर दुरुस्तीची गरज त्याच्या सवयींना आहे की त्याला विचारलेल्या प्रश्नाला, हे आरोग्य यंत्रणेने ठरवावयाचे आहे.